माळवदावरची माती

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, तेव्हा पुतण्याच्या घराचे कॉलम उभे करायचं काम चाललं होतं. अंगणात कडुलिंबाखाली गवंड्याचा पोरगा रिंगा वळत बसला होता. फळीवर ठोकलेल्या खिळ्यांत आठ एमएमची सळई अडकवायची, पाइपाचा तुकडा घालून ती पिळायची, चौकोन पुरा झाला की दोन्ही टोकं काटकोनात मोडायची आणि रिंग ढिगावर टाकायची. हात इतका बसलेला की बघत राहावं. काकूही बाजेवर बसून तेच बघत होती. थोड्या वेळानं ती गुडघ्यावर हात देत उठली, ढिगातली एक रिंग उचलली आणि टोकावर बोट ठेवून म्हणाली, "बाळा, हे टोक आत गेलं नाई."

पोरगा नुसता हसला. त्याचा बाप परांचीवरून म्हणाला, "काकू, सगळीकडं असंच वळतेत की."

सगळीकडं असंच वळतात, हे खरं आहे. कॉलमच्या उभ्या सळया एकत्र धरून ठेवायचं काम या रिंगांचं. जमीन जोरात हलली की कॉलमवरचा बाहेरचा काँक्रीटचा थर आधी फुटून पडतो. टोक काटकोनात मोडलेलं असलं तर ते त्या थरातच असतं. थर गेला की टोक मोकळं होतं, रिंग उलगडते, उभ्या सळया बाहेर फाकतात आणि कॉलम खाली बसतो. तेच टोक आणखी थोडं आत वळवून १३५ अंशांवर नेलं, तर ते कॉलमच्या पोटात रुतून राहतं. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही, एका रिंगेमागं हाताचा आणखी एक हिसका लागतो. आयएस १३९२० या भारतीय मानकात हे लिहून ठेवलेलं आहे, आणि ते मानक पहिल्यांदा निघालं १९९३ साली.

१९९३ म्हणजे किल्लारीच्या भूकंपाचं साल, आमच्या भागातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. पण काकू चौथी शिकलेली. तिला रिंगेचं टोक कुठून ठाऊक, हे सांगायचं तर आमच्या जुन्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून काही कोसांवर. घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. भिंती अडीच फूट रुंद. भिंत जितकी रुंद तितकी घराची पत मोठी, आणि वैशाखात बाहेर आग पाखडत असताना आत मातीच्या रांजणासारखा गारवा. त्या भिंती म्हणजे खरं तर दोन-दोन भिंती होत्या. बाहेरच्या तोंडाला घडीव दगड, आतल्या तोंडाला साधे दगड, मधल्या पोकळीत गोटे, चिपा आणि चिखल. जुडाईसुद्धा चिखलातच. आत लाकडी खांब आणि तुळया. घर खणांवर मोजायचं. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर चिपाडं आणि त्यावर पांढरी माती.

ही पांढरी माती गढीवरून आणायची. ती पाणी आत जाऊ देत नाही. दर वर्षी मिरगाच्या आधी गाढवावरून तिच्या खेपा यायच्या. आजी पदर खोचून शिडीनं माळवदावर चढायची, आम्ही पोरं तिच्या मागं. माती पसरायची, भेगा बुजवायच्या, चोपण्यानं चोपायची, सान्याभोवती कडा नीट करायच्या, पाणी पन्हाळाकडं जाईल असा उतार द्यायचा. संध्याकाळी आजी माळवदाच्या कडेला बसून शिवाराकडं बघत म्हणायची, "झालं बाई, आता पड म्हणावं किती पडायचंय ते." घर गळू नये म्हणून तिनं पन्नास वर्षं हे केलं, तिच्या सासूनं तिच्या आधी. नवा थर घालताना जुना कुणी काढत नसे. काढायचा असतो हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पुढं १९९५ साली माळवद उतरवलं तेव्हा मी स्वतः काठीनं मोजलं होतं. दोन फुटांना थोडंसं कमी भरलं. मधल्या थरांत एक काचेची बांगडी निघाली आणि आमच्याच कुणाच्या तरी खेळण्यातलं लाकडी चाक. आज शाळेत गणित शिकवते म्हणून हिशेब करता येतो: दहा बाय दहाच्या एका खोलीवर दोन फूट माती म्हणजे साधारण नऊ टन. एक भरलेला ट्रक. आम्ही त्या ट्रकाखाली अंथरूण घालून झोपत होतो, आणि तो ट्रक आजीच्या हातांनी, मायेनं, मूठमूठ करून वर चढला होता.

आता १९९२. हे साल फारसं कुणी सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच बोचतं.

मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, पावसाळ्यापासूनच किल्लारी भागात जमीन हलायला लागली होती. धक्क्यांवर धक्के. १८ ऑक्टोबर १९९२चा तर ४.५च्या आसपासचा होता. आमच्या गावात भांडी खडखडली, गोठ्यातली जनावरं दाव्याला हिसके द्यायला लागली, जमिनीतून गाडी गेल्यासारखी गुडगुड ऐकू आली. माणसं बाहेर झोपायला लागली. मारुतीच्या देवळापुढं रात्र रात्र भजन. मी तेव्हा सहावीत होते आणि मला ते दिवस जत्रेसारखे आवडले होते, कारण सगळी पोरं एका रांगेत झोपायची आणि वर चांदण्या दिसायच्या. मग धक्के थांबले. थंडी वाढली. एकेक घर आपापली वाकळ गोळा करून आत गेलं.

सरकारी नकाशात आमचा भाग तेव्हा भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा हा खडक स्थिर, इथं काही होत नाही, असं शिकलेली माणसंही मानत होती. कोयनेला १९६७च्या डिसेंबरात झालं होतं, पण कोयना आमच्यासाठी फार लांब आणि ते धरणाचं प्रकरण. त्यामुळं कुणाला दोष देत मी हे लिहीत नाही. भूकंप कधी येणार हे तेव्हा कुणी सांगू शकलं नसतं, आजही सांगता येत नाही. पण त्या ऑक्टोबरात सगळं गाव जागं होतं. भ्यालेलं होतं, काहीही करायला तयार होतं. नारळ फोडायला तयार असलेल्या त्या माणसांना कुणी नुसतं एवढं सांगितलं असतं, की माळवदावरची निम्मी माती खाली काढा आणि भिंतीला चिकटून झोपू नका, तर त्यांनी ते एका आठवड्यात केलं असतं. फावडी घरात होती, टोपली होती, हात रिकामे होते. अकरा महिने हातात होते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आलेली, गाढ झोपेत. तीव्रता ६.२च्या आसपास. जगाच्या हिशेबात हा काही फार मोठा भूकंप नव्हे, पण त्याचं केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं आणि वर आमची घरं होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास १० हजार माणसं गेली.

आमच्या घरात खांब उभे राहिले. त्यांच्या मधल्या जागेत आई, भाऊ आणि मी झोपलो होतो, आम्ही वाचलो. आजी भिंतीलगत झोपायची, दगडाच्या गारव्याला. भिंतीचं आतलं तोंड सुटून आत पडलं, बाहेरचं तोंड तसंच उभं. सकाळी गल्लीतून बघणाऱ्याला वाटलं असतं की या घराला काहीच झालं नाही.

तिला बाहेर काढलं ते शेजारच्यांनी, पहारीनं आणि हातांनी. लष्कर आलं, डॉक्टर आले, साऱ्या देशातून मदत आली, त्याचं ऋण आमच्यावर आहेच. पण पहिले काही तास फक्त शेजारी असतो. आजी कुठल्या कोपऱ्यात झोपते हे शेजारच्या मामांना ठाऊक होतं म्हणून ते सरळ तिथंच पोचले. उशीर झालाच होता. पलीकडच्या आळीत एका घरी सणाला आलेली लेक कुठं झोपली होती हे कुणालाच माहीत नव्हतं. लोक चुकीच्या खोलीत खणत राहिले. मग पाऊस सुरू झाला.

त्यानंतर गावाला दगडाचीच भीती बसली. घडीव दगड, ज्यासाठी आजोबांनी बैलजोडी विकली होती, तो लोकांनी गावाबाहेर नेऊन टाकला. पत्र्याच्या शेडमधे माणसं वर्षानुवर्षं राहिली, बाजूला पक्की खोली रिकामी ठेवून. दुखवट्यातला माणूस कुठंतरी दोष ठेवतोच. पण दोष दगडाचा नव्हता. चिखलाचा होता, मधल्या पोकळीचा होता आणि वरच्या मातीचा होता. हे समजावणारं कुणीतरी दारात यायला हवं होतं, आणि ते काम शेवटी ज्यांनी केलं त्यांतली एक आमची काकू.

पार कोसळलेल्या ५२ गावांचं पुनर्वसन नव्या जागी झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यासारख्या मोडक्या पण उभ्या राहिलेल्या गावांसाठी जागतिक बँकेच्या मदतीनं दुरुस्ती आणि बळकटीकरणाची योजना आली. १३ जिल्ह्यांतली अडीच हजारांच्या वर गावं, जवळपास दोन लाख घरं. पैसे हप्त्यानं घरमालकाच्या खात्यावर येणार, काम त्यानं स्वतः करून घ्यायचं. पण करायचं काय, हे सांगणारा इंजिनियर एक आणि घरं हजारो. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. नाव दिलं 'संवाद सहायक'. सुमारे १,३०० गावांत हे काम चाललं.

काकू तोवर गवंड्यासमोर पदर पुढं ओढून उभी राहणारी. पहिल्या प्रशिक्षणाला काकांनी जाऊ दिलं ते मानधनाकडं बघून. परत आली तेव्हा तिच्याकडं एक वही होती आणि एक बोलणं होतं, जे मी आजवर कुठल्याही इंजिनियरच्या तोंडून इतकं नीट ऐकलेलं नाही. बायकांना गोळा करून ती म्हणाली, "आपली भिंत म्हंजे टाके न घातलेली गोधडी. वरचं लुगडं वेगळं, खालचं वेगळं, मधे चिंध्या. झटकली की काय व्हतं?" बायका म्हणाल्या, चिंध्या गोळा होतात, लुगडी सुटतात. "मग टाके घालायचे."

टाके म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारे दगड, थ्रू स्टोन. नवी भिंत बांधताना ते थरांमधे ठराविक अंतरानं घालायचे. जुन्या भिंतीत ते नंतर घालता येतात. एक दगड हलक्या हातानं काढायचा, मागची माती चमच्यानं, बोटांनी कोरत पलीकडच्या तोंडापर्यंत जायचं, दोन्हीकडून आकडा वळवलेली सळई आत सोडायची आणि भोक काँक्रीटनं भरायचं. मी ते आमच्या घरी पाहिलंय. घाव घालून चालत नाही, नाहीतर भिंतच हलते. काकू कंदील घेऊन त्या भोकात डोकं घालायची, पलीकडं माझा भाऊ हात घालायचा आणि दोघांची बोटं भेटली की गवंड्याला हाक मारायची. मग भिंतींवरून सगळीकडनं फिरवलेला काँक्रीटचा पट्टा. त्याला ती म्हणायची, चाकाला धाव असते तशी. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपे आधार. आणि सगळ्यात आधी माळवदावरची माती कमी करायची.

तिच्या मंडळातल्या बायकांनी आणखी एक काम अंगावर घेतलं, ते म्हणजे पाणी. काँक्रीटला निदान आठवडाभर पाणी मारायचं, तेही मराठवाड्यात, एप्रिलमधे, डोक्यावरून घागरी आणून. गडीमाणसं म्हणायची, एक दिवस कमी मारलं तर काय बिघडतं. पाणी बायकांच्या डोक्यावरून येत होतं, म्हणून ते किती पडलं याचा खरा हिशेबही बायकांनाच होता. काकूच्या वहीत घरागणिक घागरींच्या रेघा आहेत. सिमेंटची पोती मोजायलाही ती उभी राहायची. एकदा तिनं पोती परत पाठवली होती, गोळे झाले होते म्हणून.

सगळं जमलं असं नाही. बऱ्याच घरांनी जुन्या वास्तूला हातच लावला नाही, त्याच पैशात अंगणात एक पत्र्याची खोली काढली. ज्या घरात आपलं माणूस गेलं ते घर मजबूत करून त्यात पुन्हा झोपा, हे सांगणं सोपं नव्हतं. आईनंही आधी नकार दिला होता. काकूनं वाद घातला नाही. ती नुसती आमच्याकडं रोज रात्री झोपायला यायला लागली, खांबांच्या मधे, आईच्या शेजारी. पावसाळ्याआधी आईनं माळवद उतरवायला गडी लावले.

मी लातुरात शिक्षिका आहे. शाळेत भूकंपाचा सराव होतो. घंटा वाजते, मुलं बाकाखाली शिरतात, डोकं झाकतात, बाकाचा पाय धरतात, मग रांगेनं मैदानात येतात. ते शिकवायलाच हवं. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडं २०१८च्या नोव्हेंबरपासून धक्के सुरू झाले, तेव्हा दोन वर्षांची एक मुलगी गेली ती बाहेर धावताना पडून, डोक्याला मार लागून. पण सराव संपला की मी माझ्या वर्गाला दरवेळी विचारते, "रात्री तुमच्या उशाशी काय असतं?" कोयनेचा भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, किल्लारीचा चारच्या आत. तेव्हा बाक नसतो. मुलं सांगतात: कपाट, फ्रिज, पुस्तकांची रॅक, माळ्यावर पाण्याचा पिंप. मी त्यांना घरी जाऊन अंथरूण सरकवायला सांगते, कपाट भिंतीला पट्टीनं ठोकून घ्यायला सांगते, चप्पल आणि बॅटरी हाताशी ठेवायला सांगते, कारण अंधारात काचांवरून अनवाणी चालता येत नाही. दुसऱ्या दिवशी किती जणांनी केलं ते हात वर करून विचारते. हात कमीच असतात. महिनाभरानं पुन्हा विचारते.

२०२४मधे हिंगोली-नांदेड भागात २१ मार्चला आणि मग १० जुलैला ४.५चे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावच्या लोकांना तर कितीतरी आधीपासून जमिनीतून आवाज येतात. माझ्यासोबतच्या एक बाई तिकडच्या. धक्क्यानंतर त्यांच्या माहेरी लोक बाहेर झोपले, असं त्यांनी सांगितलं, आणि मला सहावीतल्या चांदण्या आठवल्या. असे धक्के बहुतेक वेळा विरून जातात, हे मला माहीत आहे, आणि कुणाला घाबरवायची माझी इच्छा नाही. पण लोक बाहेर झोपतात ते दिवस फार मोलाचे असतात. त्या दिवसांत ग्रामसभा घ्या, गवंड्यांना बोलवा, जुनी माळवदं उतरवा, पत्र्यावर ठेवलेले दगड खाली घ्या आणि पत्रा हुकानं आवळा. धक्के थांबले की तीच माणसं म्हणतील, बघू पुढच्या उन्हाळ्यात. भीती आठ-पंधरा दिवस टिकते. तेवढ्यात तिला कामाला लावायचं असतं.

शहरांबद्दल मी थोडंच बोलेन. २००१च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेतल्या कितीतरी उंच इमारती, खाली पार्किंगसाठी नुसते खांब असलेल्या, पायातून मोडल्या. आपल्याकडंही नव्या इमारती अशाच उभ्या आहेत. फ्लॅट बघायला गेल्यावर टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघणाऱ्यांनी एकदा खाली जाऊन ते खांब बघावेत आणि त्यांचा हिशेब कुणी केलाय ते विचारावं.

आमच्या गावात आता बचत गटाकडं एक रजिस्टर आहे. जॅक कुणाकडं, पहारी कुणाकडं, ट्रॅक्टर, जेसीबी चालवणारा कोण, नर्सबाई कुठं राहतात, अंथरुणाला खिळलेलं माणूस कुठल्या घरात. आणि एक रकाना काकूनं हट्टानं पाडून घेतलाय: घरात कोण कुठं झोपतं. पहिल्यांदा लोक अवघडले. सुना-लेकींचं असं लिहायचं का, म्हणाले. मग त्या पलीकडच्या आळीतल्या घरच्या म्हाताऱ्या बाबांनी उठून स्वतःच्या घराचं सांगितलं, एकेक नाव घेऊन, कोपऱ्यासकट. त्यानंतर कुणी अडलं नाही. सणावाराला पाहुणे आले की शेजारी सांगून ठेवायचं, हेही ठरलंय. दर वर्षी ३० सप्टेंबरला श्रद्धांजली झाली की रजिस्टर वाचून दुरुस्त करतात.

त्या दिवशी अंगणात काकूनं गवंड्याशी वाद घातला नाही. पोराच्या शेजारी बैठक मारली आणि म्हणाली, "एक मला दाखव वळून, आत घालून." पाइपाचा तुकडा आखूड पडत होता, टोक आत जायच्या आधीच फळीला अडत होतं. पोरानं फळीवर आणखी एक खिळा ठोकला, थोडा तिरपा. पहिल्या चार-पाच रिंगा वेड्यावाकड्या झाल्या. सहावी नीट बसली. दहाव्यानंतर हाताला वळण लागलं. मग त्यानं स्वतःच जुना ढीग जवळ ओढला आणि एकेक रिंग घेऊन टोकं आत दाबायला लागला. बाप वरून बघत होता. संध्याकाळी तो खाली उतरला, हात धुतले आणि काकूला विचारलं, "खाली-वर रिंगा जवळ घ्यायच्या म्हंता, किती जवळ?"

"चार बोटं आन् थोडं," काकू म्हणाली. "कॉलमच्या बुडाला आन् डोक्याला. मधे जरा लांब चालंल."

आठवड्याभरापूर्वी पुतण्याचा फोन आला. रविवारी स्लॅब आहे, ये म्हणाला. काकूनं गवंड्याला सांगून ठेवलंय, "मी शिडीनं वर येऊन सळया बघितल्याशिवाय माल कालवायचा नाही." ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. शिडी धरायला मी जाणार आहे.